घर ह्यांनाच

"बाई, हात मोकळा असेल तर जरा समोर येता का? एक सही हवी होती."

द्वारकाकाकू दारात उभ्या होत्या. माझा हात मुळीच मोकळा नव्हता. सातवी ब च्या सहामाहीचे पेपर पसरले होते, हातात लाल पेन होतं, आणि कुठल्याशा कार्ट्याने 'वाक्यात उपयोग करा' मध्ये माझाच उद्धार केला होता. पण काकू कधी काही मागायला यायच्या नाहीत. आल्या तर काही तरी द्यायलाच, बहुधा घावन. मी उठले आणि पेनासकट त्यांच्या घरी गेले. ते पेन तेव्हा घरी ठेवलं असतं तर पुढचं अर्धं रामायण टळलं असतं.

मुलुंडला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक माझं, दुसरं पेडणेकरांचं. अप्पा पेडणेकर कोर्टात मृत्युपत्रांच्या खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच, आणि तिसरं म्हणजे अप्पांचं प्रोबेट. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने शिक्का मारून सांगणं. पण अप्पांच्या तोंडी तो शब्द असा यायचा की नवख्याला वाटावं, साथीचा रोग असावा. "मुंबईत घर आहे? मृत्युपत्र केलंत? मग तुमची पोरं प्रोबेटला लागली म्हणून समजा!" जिन्यात भेटलेल्या माणसाला ते असं घाबरवत. मग दिलासाही तेच देत. "जिवंतपणी बक्षीसपत्र करा. ज्याचं त्याला हातात देऊन मोकळे व्हा. मागच्यांना कोर्टाची पायरी नको."

स्वतः त्यांनी तसंच केलं होतं. काकूंपेक्षा ते आठ वर्षांनी मोठे, शिवाय रक्तदाब. आपण आधी जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून घर रीतसर बक्षीसपत्राने काकूंच्या नावावर केलं, नोंदणी केली, आणि पेढे वाटले. घर बायकोला देऊन पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

तर त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात खालच्या मजल्यावरचे डॉक्टर लाड चहा पीत बसले होते. अप्पा ज्येष्ठ नागरिक संघात गेले होते, मृत्युपत्रावर व्याख्यान द्यायला. टेबलावर वहीचा एक फाडलेला कागद होता.

"हे काय काकू?"

"कागद. माझ्यामागे काय करायचं त्याचा. हेच सांगतात ना सगळ्यांना, ज्याच्या नावावर घर त्याने जिवंतपणीच ठरवून ठेवावं म्हणून? मग आता माझ्या नावावर आहे, तर मीच लिहायला नको?"

"अप्पांना दाखवलंत?"

"छे! ह्यांना काही बोलू नका हं. नंतर कळेल तेव्हा कौतुक करतील."

त्यांनी आमच्यासमोर सही केली. मग डॉक्टरांनी केली. माझी पाळी आल्यावर मी सवयीप्रमाणे आधी वाचलं.

"मी द्वारका, शुद्धीवर असून लिहिते. माझ्या पाटल्या आणि देव्हाऱ्यातले चांदीचे देव माझी वहिनी नलिनी आणि भाचा उल्हास यांना द्यावे. राहते घर ह्यानाच द्यावे. कोणी भांडू नये. आज रविवारनंतरचा वार." आणि खाली तारीख.

शेवटच्या ओळीचं मला हसू आलं. अप्पांचं नाव सोमनाथ. काकू नवऱ्याचं नाव घेत नसत हे त्यांच्या वयाच्या बाईत नवल नव्हतं, पण त्या सोमवारही म्हणत नसत. 'रविवारनंतरचा वार' म्हणत. श्रावणात तर फार पंचाईत व्हायची त्यांची.

"काकू, निदान कागदावर तरी सोमवार लिहायचा!"

"जीभ वळत नाही आणि हातही वळत नाही बाई. तुम्ही करा सही."

केली. पण शुद्धलेखनाच्या बाबतीत मला दयामाया नाही. 'ह्यानाच' मध्ये अनुस्वार नव्हता. हातात लाल पेन होतं. मी टिंब दिलं.

काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघा, शिकलेलं माणूस हवंच घरात." कागद त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

दोन वर्षांनी काकू गेल्या. दुपारी वामकुक्षी घ्यायला म्हणून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. छातीत दुखलं तर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी अप्पांच्या उशाशी, आणि गेल्या त्या. अप्पा तेरा दिवस एकच वाक्य बोलत होते, "हिचा नंबर नव्हता हो." ते ऐकवत नसे.

तेराव्यानंतर मी त्यांना खणातल्या कागदाचं सांगितलं. त्यांनी तो काढला, चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. मग ते खुर्चीत बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना.

"अप्पा, पाणी देऊ का?"

"बाई, हिने हा कागद केला नसता तर काय झालं असतं माहीत आहे? घर आपोआप माझं झालं असतं. मूल नाही, नवरा जिवंत. दुसरा वारसच नाही. काही करावं लागलं नसतं. आता मृत्युपत्र आहे. म्हणजे प्रोबेट!"

त्याला कायद्यात दुसरं एक लांबलचक नाव आहे, कारण काकूंनी पुढचं सगळं बघायला कोणी माणूस नेमला नव्हता. पण अप्पा शेवटपर्यंत प्रोबेटच म्हणाले, म्हणून मीही तेच म्हणते.

मी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "अप्पा, फाडून टाका."

"काय?"

"कागद हो. मी बघितला नाही. डॉक्टर लाड नागपूरला लेकीकडे गेलेत, त्यांना चष्म्याचं घर कुठे ठेवलं ते आठवत नाही. पाटल्या आणि देव वहिनींना देऊन टाका, काकूंची इच्छा पुरी झाली. घर तुमचंच आहे."

एक शाळामास्तरीण हे बोलत होती. आज लाज वाटते, तेव्हा मुळीच वाटली नाही. समोर सत्तरीचा एकटा माणूस, आणि त्याचं डोक्यावरचं छप्पर एका वहीच्या पानावर लटकलेलं.

अप्पांनी कागदाची घडी घातली. "चौतीस वर्षं दुसऱ्यांची मृत्युपत्रं जपली बाई. हिचं फाडू?"

तत्त्वाचा माणूस, म्हटलं. तेव्हा मला एवढंच कळलं.

मग अप्पांनी सरळ मार्गाने उल्हासला आणि त्याच्या आईला बोलावून घेतलं. उल्हास धुरी, काकूंचा भाचा, परळला भाड्याच्या दीड खोलीत राहणारा, साधा, जरा भोळसट. आई नलिनीबाई, काकूंची वहिनी, आठ वर्षांपूर्वी विधवा झालेली. पाटल्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. अप्पांनी खणखणीत आवाजात मृत्युपत्र वाचून दाखवलं. आणि तिथेच घोळ झाला. कारण 'यांना' आणि 'ह्यांना' कागदावर वेगळे दिसतात, पण ऐकायला?

"…वहिनी नलिनी आणि भाचा उल्हास यांना द्यावे. राहते घर ह्यांनाच द्यावे."

नलिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "वन्संनी आमची आठवण ठेवली हो! घरसुद्धा!"

अप्पांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "अहो वहिनी, ह्यांना म्हणजे मला."

"तुम्हाला कसं, भाओजी? आत्ताच तर आमची नावं वाचलीत."

उल्हास कागदाकडे बघत राहिला. त्याच्या कचेरीतला कोणी तरी मित्र वकील होता. चार दिवसांनी त्याने येऊन खाली मान घालून सांगितलं, "अप्पा, वकील म्हणतो, वाक्य आमच्या बाजूचं आहे. 'कोणी भांडू नये' असंही आत्याने लिहिलंय. म्हणून मी भांडत नाही. फक्त कोर्टात हरकत घेतो."

साडेतीन वर्षं चाललं ते. अप्पा स्वतःच्याच जुन्या खात्यात अर्जदार म्हणून जायला लागले. शिपाई उठून खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा, आणि कागद परत यायचे. पहिला शेरा तर साळवी नावाच्या कारकुनाने मारला होता, 'लाभार्थ्याचे नाव स्पष्ट नाही.' अप्पा घरी येऊन म्हणाले, "माझ्याच हाताखाली शिकलाय. मी असतो तर हाच शेरा मारला असता. शाबास म्हणून आलो." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. इमारतीतले लोक आता जिन्यात अप्पांना दिलासा देऊ लागले होते, आणि ते त्यांना अजिबात सोसत नसे.

"निकाल उलटा लागला तर कुठे जाणार?" मी एकदा विचारलं.

"गावी पडवी आहे. पण बाई, तिथे हिचं काहीच नाही हो. हिने लावलेली तुळससुद्धा इथल्या खिडकीत आहे."

मग माझी साक्ष आली. मला वाटलं होतं, मी मराठीची शिक्षिका, एका दमात निकाल लावीन. उल्हासचे वकील मृत्युपत्र माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे लाल टिंब कोणाचं?"

"माझं."

"मृत्युपत्रात तुम्ही स्वतःच्या हाताने बदल केलात?"

"बदल नाही केला. अनुस्वार दिला."

"म्हणजे मूळ शब्दात नव्हता, तुम्ही घातलात. का?"

"चुकलं होतं म्हणून!"

"लिहिणाऱ्या बाईंच्या मनात काय होतं, हे तुम्हाला टिंबासकट माहीत होतं?"

मी चिडले. म्हटलं, "साहेब, वरच्या ओळीत 'यांना' आहे, खाली 'ह्यांना'. य लिहिलंय तिथे ते दोघं, ह लिहिलंय तिथे हे. हे म्हणजे नवरा."

"'हे' म्हणजे नवरा, असा अर्थ शब्दकोशात आहे?"

जन्मभर मुलांना शब्दकोश बघा, शब्दकोश बघा म्हणून बडवलं, आणि आता तोच माझ्या डोक्यात घातला. "आठवत नाही," मी पुटपुटले. मग सोमवारचं सांगितलं. जी बाई वाराचं नाव लिहीत नाही ती नवऱ्याचं कसं लिहील? न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मुद्दा रंजक आहे. पण न लिहिलेल्या वारावरून लिहिलेल्या घराचा निकाल कसा देऊ?"

परत येताना टॅक्सीत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. माझ्या टिंबाने त्यांचं घर घालवलं, असं मला वाटत होतं. त्यांना तसं वाटत नव्हतं हे ते सांगत नव्हते, म्हणून जास्तच वाटत होतं.

पुढच्या तारखेला उल्हासच्या बाजूने नलिनीबाई उभ्या राहिल्या. पांढरं पातळ, हातात रुमाल, घाबरलेल्या. वन्संचा उल्हासवर किती जीव होता ते त्यांनी सांगितलं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. लहानपणी त्याला गोवर आल्यावर काकू महिनाभर त्याच्या उशाशी बसल्या होत्या. ऐकताना मला वाटलं, संपलं आता.

अप्पांचे वकील दिघे उठले. हे दिघे आळशी म्हणून प्रसिद्ध. फाईल चाळत, जांभई दाबत ते म्हणाले, "नाव नलिनी धुरी. बरं. यजमानांचं नाव काय?"

नलिनीबाई गप्प.

"आजी, यजमानांचं नाव?"

"उल्हासचे वडील."

"ते झालंच हो. नाव काय त्यांचं?"

नलिनीबाईंनी उल्हासकडे बघितलं. उल्हास बोलायला उठला, त्याला खाली बसवलं गेलं. "आजी, घाबरू नका, पण हे कोर्ट आहे. तुम्हीच सांगायला हवं," दिघे म्हणाले.

"अहो, पण ह्यांचं नाव मी कसं घेऊ?"

दिघ्यांची जांभई अर्ध्यावर थांबली. फाईल त्यांनी हळूच मिटली.

"ह्यांचं म्हणजे कोणाचं आजी? इथे आम्ही सगळे बसलोय. माझं? साहेबांचं? तुमच्या मुलाचं?"

"इश्श! काही तरीच काय विचारता!" त्या घाबरलेल्या बाई एकदम फणकारल्या. "तुमचं कशाला असेल? ह्यांचं म्हणजे ह्यांचंच! दुसऱ्या कोणाला मी 'ह्यांना' म्हणेन का?"

कोर्टात कोणी तरी खोकलं. मग कोणी तरी हसलं. आणि नलिनीबाई थांबल्या. त्यांचा हात हळूहळू तोंडावर गेला. त्यांनी अप्पांकडे बघितलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "वन्संनी… अगं बाई गं! भाओजी, मला कसं हो कळलं नाही? मी पण बाईच ना!" मग न्यायाधीशांना हात जोडून म्हणाल्या, "साहेब, घर भाओजींचं आहे. आमचं नाही. आम्हाला पाटल्या."

उल्हासच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

निकालात एक ओळ आली, 'मृत्युपत्रातील "ह्यांनाच" या शब्दाने मयत द्वारका हिचे पती सोमनाथ हेच अभिप्रेत आहेत.' अप्पांनी प्रमाणित नकला दोन मागितल्या. एक कशाला, दोन कशाला, कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर ते ती ओळ मोठ्याने वाचत राहिले. द्वारका, सोमनाथ. द्वारका, सोमनाथ. मी दारातून ऐकलं आणि परत फिरले.

महिना झाला नसेल, अप्पा माझ्याकडे आले. हातात कागदांची चळत. "बाई, एक सही हवी. रविवारनंतरच्या वारी नोंदणीला जायचंय."

"कसली नोंदणी?"

"बक्षीसपत्र. घर उल्हासला देतोय. मरेपर्यंत मी इथेच राहणार, तसं कलम घातलंय. ती दोघंही इकडेच येतील राहायला. मागे कोणाला प्रोबेट नको."

माझा पाराच चढला. "डोकं ठिकाणावर आहे का अप्पा? साडेतीन वर्षं कोर्टात जोडे झिजवले ते ह्यासाठी? त्यालाच द्यायचं होतं तर पहिल्या दिवशी द्यायचं! मला त्या पिंजऱ्यात उभं करून टिंबावरून फाडून खाल्लं, ते कशाला?"

अप्पा खुर्चीत बसले. "घरासाठी कोण भांडलं बाई? मी नाही."

"मग?"

"एक्केचाळीस वर्षं संसार केला. हिने एकदाही माझं नाव घेतलं नाही. लग्नात घ्यायला लावलं होतं, तेव्हासुद्धा मोठ्याने नाही. जन्मात एकच कागद लिहिला हिने, त्यात मला हाक मारली. ती हाक दुसऱ्या कोणाची म्हणून कोर्टात नोंद होऊ देऊ?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेवढं ठरलं. आता घर ज्याला लागतंय त्याला देतो."

मी कागद ओढून घेतला आणि सवयीप्रमाणे वाचायला लागले. मसुदा त्यांच्याच हातचा, मोत्यासारखं अक्षर, कलमं एकाखाली एक. नावं, पत्ते, चतुःसीमा, सगळं चोख. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढलेला माणूस. तिसऱ्या कलमावर मी थांबले.

"अप्पा, हे बघा. 'सदर राहते घर मला हिच्याकडून मिळाले असून…' हिच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

"म्हणजे काय? हिच्या…" ते म्हणाले आणि थांबले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. तिथे 'हिच्याकडून' असंच होतं, स्वच्छ, ठसठशीत. त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"साळवीने शेरा मारला असता," शेवटी म्हणाले. "पेन आहे?"

माझ्याकडे लालच होतं. "चालेल," म्हणाले. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं, 'द्वारकाकडून'.

व्याकरणाने 'द्वारकेकडून' हवं होतं. मी पेन परत घेतलं आणि टोपण लावलं.